पाणी लागलं का?

पुण्यात जमिनीखाली काय आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. "अहो, दोन फुटांवर कातळ!" सोसायटीचे चेअरमन सांगतात, तळमजल्यावरचे काका दुजोरा देतात, शेजारच्या बंगल्याचा वॉचमनही मान डोलावतो. माहीत नसतं ते फक्त मला. आणि खाली काय आहे ते सांगायला पैसे देऊन बोलावलेलंही मलाच असतं.

मशीन उभं राहिलं की गॅलऱ्या भरतात आणि विचारणा सुरू होते, "किती इंच पाणी लागलं?" ही बोअरवेल नाही, इमारतीच्या पायासाठी खालची माती-खडक तपासणारं माती-परीक्षण आहे, हे सांगून उपयोग नसतो. खडक कापताना बिटाखाली, म्हणजे मशीनच्या कापणाऱ्या टोकाखाली, सतत पाणी सोडावं लागतं. टँकरचं ते विकतचं पाणी राखाडी होऊन भोकातून वर आलं की वरून आरोळी येते, "लागलं, लागलं!" पुढे ते एखाद्या भेगेत शिरून गडप होतं, तेव्हा माझा जीव जातो आणि गॅलऱ्या हळहळतात. भूजलाची खरी पातळी बोअर संपल्यावर, ती स्थिरावू देऊन, निदान चोवीस तासांनी मोजायची. शिवाय अहवालात महिना लिहायचाच, कारण मे महिन्यातलं कोरडं भोक ऑगस्टमधल्या तळघराबद्दल काहीच सांगत नाही.

भोकं कुठे पाडायची? आय. एस. 1892 हे भारतीय मानक म्हणतं, साधारण 0.4 हेक्टरच्या, म्हणजे एकराच्या जागेत चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. पुनर्विकासात मधोमध जुनी इमारत असते, आणि तिच्यात माणसं. उरते ती साइड मार्जिन. तिथे पाण्याची टाकी, ड्रेनेजचं चेंबर आणि बॅटरी उतरलेली गाडी. त्यात ड्रेनेजची लाइन नकाशात दाखवलेल्या ठिकाणी कधीच नसते, म्हणून पहिला दीड मीटर पहार-फावड्यानं हातानं खणायचा. पेठांत तर जास्तच जपून. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी शहरात आणलेल्या पाण्याचा मार्ग आणि त्याचे उच्छ्वास (हवेसाठीचे झरोके) अजून जमिनीत आहेत.

मातीत एस.पी.टी. करायची, म्हणजे हातोड्यानं नळी ठोकून माती किती घट्ट आहे ते बघायचं. 63.5 किलोचा हातोडा, 75 सेंटिमीटर उंचीवरून मोकळा सोडायचा. नळी 45 सेंटिमीटर जायला लागलेले ठोके पंधरा-पंधराच्या तीन टप्प्यांत मोजायचे. पहिला टप्पा सोडून द्यायचा, उरलेल्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन. चहा मिळेपर्यंत हातोडा पाऊणशे सेंटिमीटर उचलला जातो. दुपारी हात भरून आले की साठच. धक्का कमी, म्हणून ठोके जास्त, म्हणून कागदावर माती मजबूत. दोरावर खडूची खूण करून शेजारी उभं राहणं, हा त्यावरचा माझा उपाय. मुरमात एखादा गोटा नळीच्या तोंडाशी आला तरी एन आभाळाला भिडतो. असा आकडा जपून वापरायचा.

काळ्या मातीबद्दल मात्र थट्टा नको. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. चाचणी सोपी आहे. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती 100 मिलिलिटरच्या दोन नळ्यांत टाकायची. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास थांबायचं. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. तिथे 10 आणि पाण्यात 18 मिलिलिटर भरली, तर फुगवटा 80 टक्के. (रॉकेल मिळवणं ही हल्ली स्वतंत्र चाचणी आहे.) गंमत अशी, की अकरा मजली इमारतीला या मातीची फिकीर नसते, ती खाली खडकावर टेकलेली असते. तडे जातात कंपाउंडच्या भिंतीला, पार्किंगच्या फरशीला आणि वॉचमनच्या केबिनला. त्यांच्यासाठी सॉइल रिपोर्ट कुणी उघडतच नाही.

आता तो लाडका कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला. वर घट्ट काळा दगड, खाली पोकळ्यांचा मांजऱ्या खडक आणि दोन थरांमध्ये कधी गेरूसारखी लाल, मऊ माती, असं सहज निघतं. म्हणून बिटाला दगड लागताच सामान आवरायचं नाही, निदान तीन मीटर आत जायचं. नाहीतर मुरमातला मोठा धोंडा कातळ म्हणून खपतो. जुन्या खाणीत किंवा बुजवलेल्या नाल्यात राडारोडा निघतो तो वेगळाच. विटा, टाइल्स आणि प्लास्टिकची चप्पल खोलवर सापडली की ठेकेदारही गप्प होतो.

भोकातून कापून काढलेल्या खडकाच्या गोल कांड्या शेवग्याच्या शेंगांच्या तुकड्यांसारख्या पेटीत ओळीनं मांडायच्या. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले कापलेली लांबी, टक्क्यांत, म्हणजे आर.क्यू.डी., खडकाच्या दर्जाचा आकडा. पंचाहत्तरच्या वर चांगला, पंचवीसच्या खाली अगदी वाईट. पण बॅरलमधून, म्हणजे कांडी धरणाऱ्या नळीतून, ती निघेना म्हणून मिस्त्रीनं हातोड्यानं ठोकली, तर चांगला खडकही नापास होतो. ताजी, स्वच्छ मोड दिसली तर ते दोन तुकडे एकच धरायचे. मांजऱ्या खडकाला दुहेरी नळीचंच बॅरल हवं. साध्यात त्याचा भुगा होतो आणि पेटीत नुसती रिकामी जागा उरते.

इतकं करून अहवाल दिला की फोन येतो, "ते राहू द्या, एस.बी.सी. किती ते सांगा." म्हणजे जमीन सुरक्षितपणे किती भार पेलेल. कुठल्या खोलीवर, केवढ्या फुटिंगला (खांबाखालच्या पायाला), किती खचणं चालेल, हे न विचारता आकडा सांगता येत नाही. पण मी हे विचारलं की समोरच्याला वाटतं, यांना येत नाही.

कांड्यांच्या पेट्या पायाचा खड्डा उघडेपर्यंत जपून ठेवायच्या असतात, तळाचा दगड ताडून बघायला. खड्डा उघडल्यावर मी पेट्या मागतो, तेव्हा एकीत कढीपत्ता लागलेला असतो.