सरकारी बिल्डिंग बांधून अमर कसं व्हावं

समजा उद्या कोणी येऊन म्हणालं की एका राज्याची कोरी करकरीत राजधानी बांधायचीय, विधानसभा सचिवालय हायकोर्ट सगळं तुम्हीच करून द्या, तर अजिबात घाबरू नका, डोळ्यासमोर फक्त चंदीगड ठेवा आणि तिथले आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए साहेबांनी केलं तसंच करत जा.

पहिलं म्हणजे तिथे राहायला जायचं नाही. साहेब पॅरिसलाच राहिले, वर्षातून दोनदा महिना महिना यायचं असं ठरलं होतं. साइटवर ऊन खायला चुलतभाऊ हवा, त्यांच्याकडे पिएर जानरे होते, ते बिचारे १९६५ पर्यंत तिथेच होते. तुम्हाला चुलतभाऊ नसेल तर आधी त्याची सोय बघा.

मग माप ठरवा. ज्या लोकांसाठी बांधताय त्यांची उंची वगैरे मोजत बसू नका, वेळ जातो. साहेबांच्या मोड्युलर नावाच्या मापपट्टीतला माणूस १८३ सेंटीमीटरचा, म्हणजे सहा फुटी. का? तर इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पोलीस सहा फूट उंच असतात म्हणून! हे मी मनाचं सांगत नाहीये, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आता पंजाबात एक वेळ चालूनही जाईल हो, पण आमच्यासारख्या पाच फूट चार इंचवाल्यांनी त्या जगात टाचा उंच करूनच फिरायचं.

विधानसभेला आकार सुचत नसेल तर अहमदाबादला जाऊन या. साहेबांना तिथल्या वीजकेंद्राचे कूलिंग टॉवर आवडले आणि तसलाच एक टॉवर त्यांनी सभागृहावर चढवला, आत आमदार. वाफ काढायची सोय असलेला आकार विधानसभेला, यापेक्षा चपखल काय असणार? आत बोललेलं घुमतं ही तक्रार करू नका, घुमवण्यासाठीच तर निवडून दिलंय.

उन्हाचं मात्र मनावर घ्या. खिडक्यांपुढे काँक्रीटच्या जाड जाड फळ्या उभ्या करा, त्याला ब्रीझ सोलेइ म्हणायचं, म्हणजे सावलीचा खर्च लगेच मंजूर होतो. काँक्रीट दिवसभर तापतं आणि संध्याकाळी ती सगळी उष्णता निगुतीने परत करतं, सरकारी खात्यात एवढी परतफेड दुसरीकडे कुठे बघितलीय तुम्ही? आणि विधानसभा ते हायकोर्ट मधे भलंमोठं उघडं मैदान सोडायला विसरू नका, झाड नको, फोटो खराब होतो. मी मे महिन्यात दुपारी पाहिलंय ते, चिटपाखरू नव्हतं. चुकून कोणी फिरायला येईल ही भीतीही आता नाही, १९९५ मध्ये सचिवालयाबाहेर मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची हत्या झाली आणि तेव्हापासून कडक बंदोबस्त, पाहायला जायचं तर आधी ओळखपत्र काढा.

पावसाचं एवढं नाही. हायकोर्टावर दुहेरी छत आहे, वर मोठी छत्री, प्लॅनमध्ये तर फारच सुंदर, फक्त पाऊस तिरका येतो हे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. पाणी कोर्टरूमच्या दारापर्यंत यायला लागलं तेव्हा पुढे साधा व्हरांडा जोडावा लागला. आपल्या कोकणातल्या कुठल्याही आजीने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, पडवी कुठाय? पण आजीला कन्सल्टंट नेमता येत नाही, तिच्याकडे डिग्री नाही ना.

सगळंच बांधून टाकू नका बरं. राज्यपालांचा महाल नेहरूंना लोकशाहीला शोभेना, तो कागदावरच राहिला आणि म्हणूनच त्यात आजतागायत एकही गळती नाही. ओपन हँड, म्हणजे उघड्या पंजाचं ते भलंमोठं शिल्प, तर साहेब गेल्यावर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये उभा राहिला.

आणि फर्निचर. जानरेंच्या ऑफिसात घडलेल्या सागवानी आणि वेताच्या खुर्च्या सरकारी बाबूंनी झिजेपर्यंत वापरल्या, मोडल्या की गच्चीवर ढीग, मग भंगाराच्या भावात लिलाव, आणि आता त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेत लाखोंना जातात. बिल्डिंगला २०१६ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला तोवर बऱ्याचशा खुर्च्या परदेशी गेल्या होत्या. तेव्हा तुमच्या ऑफिसात एखादी डुगडुगणारी खुर्ची असेल तर खिळा मारू नका, पाठीमागचा रंगवलेला सरकारी नोंदीचा नंबर पुसू नका, आणि शिपायाला सांगा की गच्चीची चावी माझ्याकडेच दे.