आधी गच्ची, मग रॉकेट

लहान मुलांना अवकाश शिकवण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की पहिलीच्या आधी मुलांना अवकाश समजत नाही, घाई करू नका. मला नाही पटलं. आमची नात साडेचार वर्षांची. इथे नागपुरातल्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात नेलं, तर अंधार होताच बाईसाहेब माझ्या कुशीत झोपल्या! पण एकदा संध्याकाळी गच्चीवर तिला अवकाश स्थानक दाखवलं. न लुकलुकता सरकणारा ठिपका. म्हटलं, यात माणसं राहतात, आणि ती साधारण ४०० किलोमीटर वर आहेत, म्हणजे तुझ्या पुण्याच्या मावशीपेक्षा जवळ. तेव्हापासून रोज प्रश्न. ते जेवतात काय? मी सांगितलं, पाव नाही नेत, चुरा तरंगत यंत्रांत शिरतो, म्हणून पोळीसारखं काहीतरी खातात. "मग तर्री-पोहे?" विचार करा, सगळीकडे शेव!

२०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला त्या स्थानकात राहून आले, त्यांचा फोटो आता आमच्या फ्रिजवर आहे. राकेश शर्मा १९८४ मध्येच अवकाशात जाऊन आले, हेही मी तिला सांगितलं, त्यात तिला काडीचा रस नव्हता. स्थानकात लघवी शुद्ध करून तिचं पुन्हा प्यायचं पाणी करतात, हे मात्र अख्ख्या बालवाडीला सांगून आली. बाईंचा फोन आला होता.