जेटवर 120 लिहिलंय म्हणून तो 120 चा होत नाही

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. पप्पांची 86 सालची प्रीमियर पद्मिनी चार महिने साताऱ्यात गॅरेजला पडून होती, ब्लॉकला बोअर मारला, पिस्टन रिंगा नवीन, क्रँक घासून घेतला, हेडला फेस मारला, सगळी कामं समोर उभं राहून करून घेतली, आणि एवढं करून गाडी बसली कशापायी तर हरभऱ्याएवढ्या एका पितळी जेटपायी, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा.

पहिल्या दिवशी पोवई नाक्याच्या चढाला रेस दिली की मागनं काळा धूर. मिस्त्री म्हणाला "मालक, नवीन इंजिन हाय, थोडं पेट्रोल खाणारच." ठीक आहे म्हणलं. आठवड्याने परत गेलो, त्याने मिक्शरचा स्क्रू फिरवला, परत गेलो, परत तोच स्क्रू. अरे बाबा तो स्क्रू आयडलला काम करतो, गाडी उभी असताना आणि जेमतेम पाव थ्रॉटलपर्यंत. पुढं अर्ध्याच्या वर पाय गेला की सगळा खेळ पेट्रोल सोडणाऱ्या मेन जेटचा आणि त्यात हवा मिसळणाऱ्या वरच्या एअर करेक्शन जेटचा. चढाला धूर येतोय म्हणून आयडलचा स्क्रू पिळणं म्हणजे दात दुखतोय आणि गुडघ्याला मलम चोळायचं.

मग सल्ले सुरू. एक म्हणतो बोअर केलाय ना, मग जेट मोठाच टाकावा लागतो. अहो किती मोठा? पद्मिनीचा बोअर म्हणजे सिलेंडरचा व्यास 68 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव 75, सिलेंडर चार, म्हणजे 1089 सीसी. माझा बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढला, 68.5 झाला, हिशोब मांडा, 1105 सीसी होतात. दीड टक्का फरक! दीड टक्क्यासाठी कुणी जेट बदलतं का. दुसरे आमचे भावजी, आयुष्यभर बुलेट चालवलेले, ते सांगतात आमच्यात 110 आहे, तूपण 110 टाक. आता त्यांना किती वेळा सांगू की जुन्या बुलेटच्या अमल कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं तो असतो, आणि माझ्या सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 120 म्हणजे 1.20 मिमी. दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण सांगताना छाती ठोकून सांगतात.

खरा संताप पुढं आहे. माझ्या गाडीतनं निघालेला जुना जेट 120 चा, आणि रिपेअर किटमधला नवीन जेटपण 120 चा, मग फरक काय पडणार असं वाटलं. शेवटी वैतागून दोन्ही जेट खिशात टाकले आणि सरळ कुपवाड एमआयडीसीत मेव्हण्याच्या टूलरूममध्ये गेलो. त्याने पिन गेजचा, म्हणजे नेमक्या मापाच्या पिनांचा डबा काढला, नवीन जेटमध्ये 1.20 ची पिन घातली तर ती आत डुगडुगायला लागली. 1.25 गेली. 1.28 गेली. 1.30 ची पिन अलगद आत जाऊन बसली. शिक्का 120 आणि भोक 1.30! व्यासात दहा शतांश म्हणजे किरकोळ वाटेल, पण पेट्रोल व्यासातनं जात नाही, क्षेत्रफळातनं जातं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे हे झालं 17 टक्के जास्त. सतरा!! किट विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे "सगळे हेच घेऊन जातात, कुणाची तक्रार नाही."

आणि जुना जेट? तो भिंगाखाली धरला तर भोक गोल राहिलंच नव्हतं, एका बाजूला ओरखडे, अंडाकृती झालेलं. का? कारण कार्बोरेटर साफ करायचा म्हणजे वायरच्या ब्रशची एक तार तोडायची आणि जेटमधनं वरखाली घासायची, ही आपल्याकडची पद्धत. पितळ आहे ते! मऊ धातू. पोलादी तार घासली की भोक वाढणारच. पेट्रोलमध्ये भिजत घाला, क्लीनर मारा, हवा मारा, फारच गच्च बसलं असेल तर नायलॉनचा धागा वापरा, पण तार नको, कितीदा सांगायचं. चाळीस वर्षांत किती हातांनी किती तारा घातल्या असतील देव जाणे.

फ्लोटचंही तेच, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल भरलं की वर येऊन नीडल व्हॉल्व्ह बंद करणारा तरंगता डबा. नीडल व्हॉल्व्हच्या वॉशरच्या जाडीवर पेट्रोलची पातळी ठरते. किटमधला वॉशर पातळ निघाला, व्हॉल्व्ह वर सरकून बसला, फ्लोट उशिरा बंद करायला लागला, पातळी वाढली. म्हणजे आधीच मोठा जेट, त्यात वरनं ही भर. पातळी न बघता जेटचा नंबर ठरवणारे लोक मला खरंच कळत नाहीत.

बरं आता खरा 120 शोधून टाकला तर मिटलं का? नाही. ही गाडी साध्या पेट्रोलवर चालायला बनवलेली, आणि पंपावर आता 20 टक्के इथेनॉल. उसाच्या पट्ट्यातच राहतो, इथल्याच कारखान्यांत इथेनॉल होतं, त्याला विरोध नाही माझा, पण तेवढ्याच हवेला हे पेट्रोल साधारण 8 टक्के जास्त लागतं, नाहीतर गाडी लीन चालते म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, तापते, पिकअप जातो. 1.20 चं 1.25 केलं की क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे माझ्या हिशोबाने खरा, मोजलेला 125 लागेल, आणि तोही कागदावर. पक्कं तेव्हाच जेव्हा नवीन प्लग लावून यवतेश्वरचा घाट पूर्ण थ्रॉटलवर चढवीन, क्लच दाबून इंजिन बंद करून कडेला घेईन आणि प्लग काढून बघीन. बिस्किटाचा रंग आला तर बरोबर, काळा आला तर एक नंबर खाली, पांढरा आला तर वर. एवढं सोपं आहे हो, अर्धा तास लागतो, पण सगळ्या साताऱ्यात एकजण तयार नाही, सगळ्यांना आवाज ऐकून जेट सांगायचाय.

मला जेटच्या पैशाचं काही वाटत नाही. मला जाळतंय ते वेगळंच. त्या 1.30 च्या भोकाने मी 300 किलोमीटर गाडी फिरवली, नवीन रिंगा सिलेंडरला घासून नीट बसायच्या काळात. जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, रिंगा नीट बसतच नाहीत. परवा डिपस्टिक काढून नाकाला लावली, ऑइलला पेट्रोलचा वास, आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर. कुणीतरी पेट्रोल ओतल्यासारखं. तिथंच बोनेट धरून उभा राहिलो.

ऑइल काढून नवीन टाकलंय. रविवारी चारी सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजणार आहे. कमी आलं तर परत हेड उतरवा, परत रिंगा, परत दोन महिने. पप्पा रोज संध्याकाळी गेटकडं बघत विचारतात, झाली का रे गाडी.