कंबर 42, शिखर 1646

दुकानातली मुलगी स्वभावानं गोड होती, त्यामुळे तिच्यावर रागावताही येईना. मी ट्रेकिंगच्या पँटींसमोर उभी होते. पाठीला सॅक, बुटांना सिंहगडाचा ताजा लाल चिखल. तिनं विचारलं, "कोणासाठी बघायचंय मॅडम? मुलासाठी का?"

"माझ्यासाठी."

माणसं माणसाला वरून खाली न्याहाळतात. तिनं मला डावीकडून उजवीकडे न्याहाळलं. मग "थांबा हं" म्हणून आत गेली आणि एक काळी लेगिंग घेऊन आली. "ही स्ट्रेचेबल आहे, होईल."

कपड्याच्या दुकानातलं 'होईल' हे साखरपुड्याच्या बैठकीतल्या 'बघू' सारखं असतं, त्यावर विसंबून कोणी हॉल बुक करू नये. ट्रायल रूममध्ये ती लेगिंग गुडघ्यापर्यंत अगदी आनंदानं आली. तिथून पुढे आमचे मतभेद सुरू झाले. दाराबाहेरून गोड आवाज आला, "झाली का मॅडम?" झाली नव्हतीच, आणि जेवढी झाली होती तेवढी आता निघत नव्हती. एका पायावर उड्या मारत तिला सोलून काढताना मी आरशाला धडकले. तो तोरणा चढण्याइतकाच व्यायाम होता, फक्त वर देऊळ नव्हतं.

आता मापं सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसायला नको. वय 47. कंबर 42. शिंपी ज्याला 'सीट' म्हणतात ती 50. उंची पाच फूट एक इंच. दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड. बाकी राजगड, लोहगड, राजमाची, आणि एकदा रात्रभर चालून कात्रज ते सिंहगड, ज्याला आमच्यातली पोरं 'के टू एस' म्हणतात. मी हळू चढते. माझ्यामागे निघालेले सगळे पुढे जातात, जाताना "काकू, सावकाश" म्हणतात, आणि मी पोचते तेव्हा त्यांची पिठलं-भाकरी अर्धी झालेली असते. पण मी पोचते.

आणि मला पँट मिळत नाही.

माझ्या मापात काहीच मिळत नाही असं मात्र नाही. ऑनलाइन 'प्लस साइझ' वर बोट ठेवलं की बाजार उघडतो. काफ्तान, गाऊन, अनारकली, लग्नातले घागरे. नीट पाहिलं की लक्षात येतं, हे सगळे कपडे एक तर बसण्यासाठी आहेत किंवा झोपण्यासाठी. फार तर स्टेजवर जाऊन आहेर देण्याइतकं चालण्यासाठी. दोन एक्सएलच्या पुढची बाई वाकेल, पाय टांगेल, कातळाला पोट लावून सरकेल, हे कापणाऱ्याच्या डोक्यातच येत नाही. डॉक्टर, नणंद आणि सोसायटीचे सेक्रेटरी अशा तीन स्वतंत्र अधिकारी व्यक्तींनी मला चालायला सांगितलंय. काय घालून चालायचं, हे तिघांनीही सांगितलेलं नाही. दुकानात विचारलं तर उत्तर असं असतं की आधी थोडं कमी करा, मग या साइझमध्ये खूप व्हरायटी आहे.

काही वर्षांपूर्वी वस्त्रोद्योग मंत्रालय आणि 'निफ्ट' या संस्थेनं भारतीय माणसाची स्वतःची मापं ठरवायचा प्रकल्प काढला. 25 हजार माणसं, सहा शहरं, थ्रीडी स्कॅनर. तोवर आपण परदेशी अंगांच्या मापावर कापलेले कपडे घालत होतो म्हणे. मी हरखून शहरांची यादी पाहिली. कोलकाता, मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग. पुणे नाही! शिलाँगबद्दल माझ्या मनात काही नाही, पण पुण्यातल्या बायकांची मापं घ्यायची हिंमत स्कॅनरलाही झाली नसावी.

तर मग पुरुषांचा विभाग. तिथे 42 कंबर रॅकवर बिनदिक्कत लटकत असते, कोणी "कोणासाठी" विचारत नाही. मी एक राखाडी पँट घेतली. सीटला बसली, त्यामुळे कंबरेला चार बोटं सुटली. ती पट्ट्यानं आवळली तर मागे मोदकासारख्या चुण्या. लांबी इतकी की खाली दुमडून दुमडून घोट्याला टायर झाला. आसन, म्हणजे दोन पायांमधला जोड, गुडघ्याकडे निघालेलं. पण खिसे! पुरुषांच्या पँटला सहा खिसे असतात हे मला 47 वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. बायकांच्या पँटच्या खिशात अर्धी चिक्की मावते, तीही आडवी. इथे एका खिशात मोबाइल, दुसऱ्यात शेंगदाणे, तिसऱ्यात क्रेप बँडेज, आणि एका खिशात नुसताच हात. त्या हात घालण्याच्या सुखापायी मी ती पँट घेतली आणि ती घालून नवरात्रात कळसूबाईला गेले.

कळसूबाई म्हणजे 1646 मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट निघते आणि मधल्या कातळांना लोखंडी शिड्या लावल्यात. नवरात्रात वर देवीला गर्दी असते. आसपासच्या गावांतल्या बायका ओटीचं सामान घेऊन भराभर चढत असतात, कितीतरी जणी अनवाणी. मी क्विक-ड्राय टीशर्ट, पायात सतराशे रुपयांचे मोजे आणि आतून मांड्यांना व्हॅसलीन, अशा जय्यत तयारीनं निघाले होते. (व्हॅसलीनबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. दोन मांड्यांचं आपसात पटत नसेल तर चौथ्या किलोमीटरला भांडण विकोपाला जातं आणि रात्री अंघोळीचं पाणी अंगावर घेताना सगळे गड-किल्ले एकदम आठवतात. पातळ सुती चड्डी लांब बाह्यांची, म्हणजे लांब पायांची, आणि वर व्हॅसलीन. एवढं लक्षात ठेवा.)

दुसऱ्या शिडीवर डावा पाय वरच्या पायरीवर टाकला आणि टर्रर्र झालं. आसनापासून मागच्या खिशापर्यंत. वारा आत आला. शिडीवर पुढे दहा माणसं, मागे तीस. मी जिथल्या तिथे, दोन्ही हातांनी दांडा धरून, देवीचं नाव घेत.

माझ्या लगेच मागे एक आजी होत्या. सत्तरीच्या असाव्यात, अंगानं माझ्याच वळणाच्या, हिरवी नऊवारी, काष्टा घट्ट. त्यांना सगळं दिसत होतं, दुसरं काही दिसायला मी जागाच ठेवली नव्हती.

"फाटलं व्हय गं?"

"हो ना."

"मग थांबलीस का? वर चल. मागं मी हाय."

आणि खरंच, वरच्या सपाटीपर्यंत त्यांनी आपला पदर आणि ओटीची पिशवी माझ्यामागे पडद्यासारखी धरली. वर पोचल्यावर बांगडीतल्या सेफ्टी पिना काढल्या. चार होत्या. चारही लावल्या, लावताना एकदा टोचली, आणि म्हणाल्या, "बापयाची इजार कशाला घालायची? त्यात बाईचं अंग मावतं का?"

मी त्यांच्या काष्ट्याकडे पाहत राहिले. नऊ वार कापड. शिवण नाही, त्यामुळे उसवायला जागाच नाही. वय वाढलं, अंग वाढलं, तर निऱ्या दोन कमी घ्यायच्या. वाका, टांग टाका, शिडी चढा, भात लावा. मी घरी येऊन आईची जुनी नऊवारी काढून पाहिलीसुद्धा. युट्यूब लावून पाऊण तास झटले. काष्टा खोचला, जोशात सोफ्यावर पाय टाकला आणि सगळे नऊ वार शांतपणे जमिनीवर उतरले. हे लहानपणी शिकायला हवं होतं.

मग मी शिंप्याकडे गेले. आमच्या पेठेत एक काका आहेत, पन्नासेक वर्षं शाळांचे गणवेश आणि लेंगे शिवतात. मी फाटकी पँट त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून ती आतून उलटी केली, शिवण बोटांनी चाचपली आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तसे म्हणाले, "फाटणारच."

"का पण?"

"कारखान्यात एक मधलं माप कापतात आणि मोठ्या साइझला सगळीकडून सारखं वाढवत जातात. माणूस काय फुगा आहे का सारखा वाढायला? तुमची कंबर वाढली म्हणून पाय लांब झाले का? हात लांब झाले का?"

झाले नव्हते. पाच फूट एक इंच आहे तिथेच होतं.

"आसनात मियानी टाकू," ते म्हणाले. मियानी म्हणजे दोन पायांच्या मधला कापडाचा चौकोनी तुकडा. लेंग्याला असते, म्हणून लेंगा घालून मांडी घालता येते. ही अक्कल पेठेत पन्नास वर्षं चार आणे कापडात पडून होती आणि मी जगभरच्या वेबसाइटी पालथ्या घालत होते. 1975 साली एव्हरेस्टवर पोचलेली पहिली बाई, जपानची जुंको ताबेई, हिच्या चमूनं म्हणे गाडीच्या सीटांचं कापड वापरून हातमोजे आणि पिशव्या शिवल्या होत्या. ते वाचल्यावर मी शेजाऱ्यांच्या नव्या गाडीकडे दोन दिवस जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. पण रविवार पेठेत फोर-वे, म्हणजे उभं-आडवं दोन्हीकडे ताणलं जाणारं कापड मिळालं, तेव्हा गाडी वाचली.

काकांनी माप घेतलं, आणि पहिल्यांदाच कोणीतरी मला म्हणालं, "आता उकिडव्या बसा. बसल्यावर सीट मोजतो." ट्रायलला दुकानाच्या पायरीवर पाय टाकायला लावला. काही झालं नाही. कंबर मागून उंच, पोटाला रुंद इलॅस्टिक, मियानी, आणि खिसे सहा. बिलावर त्यांनी लिहिलं, 'जेंट्स पँट (लेडीज) 1 नग'.

आता फक्त रेनकोट राहिला होता. "तो शिवत नाही," काका म्हणाले, "सुईच्या भोकातून गळतो." पुरुषांचा तीन एक्सएल आणला तर बाह्या बोटांच्या खाली लोंबतात आणि सीटवर आला की शेवटची तीन बटणं राजीनामा देतात. 'फ्री साइझ' पोंचोवर तर बोलायलाच नको. त्यातला फ्री नक्की कोण असतो ते मला अजून कळलेलं नाही.

जुलैत मावळात गेले तर बांधावर आवणी चालली होती आणि एका म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर इरलं होतं. बांबूच्या कामट्या, मध्ये पानं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत. हल्ली सगळ्या प्लास्टिकची खोळ घेतात, इरलं दुर्मीळच झालंय. मी विचारलं, विकत मिळेल का. त्यांच्या घरी एक जादा होतं.

"पण मावशी, मला बसेल का? माप?"

"माप कसलं? वाकून बघ."

वाकले. पाऊस पाठीवरून दोन्हीकडे वाहून गेला. मी पैसे दिले आणि ते डोक्यावर घेऊन एसटीच्या फाट्यावर आले. एसटीच्या दारातून ते सरळ आत जाईना, आडवं जाईना, तिरकं करून मागून दोघांनी ढकलल्यावर गेलं. आतले सगळे सरकून बसले. कंडक्टरनं इरल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डावीकडून उजवीकडेच पाहिलं, आणि मशीनवर बोट ठेवून म्हणाला,

"ताई, लेडीजना अर्धं. तुमचं हाफ, ह्याचं लगेज."