ब्लोअरखाली रबर टाकलं की थरथर जाते? तसं नाही

"ब्लोअर (हवा ढकलणारा मोठा फॅन) थरथरतोय? खाली रबरी पॅड सरकवा, बोल्ट कचकचून आवळा, विषय संपला." मेंटेनन्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा हा सल्ला अर्धवट आहे, आणि कमी वेगाच्या फॅनला तर उलट बाधतो.

पॅड थरथर मारत नाही. ती जमिनीत किती उतरेल एवढंच ठरवतो. वजनाखाली १ मिमी दबणारा पॅड घ्या. त्यावर बसवलेल्या यंत्राची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ते आपसूक सेकंदाला जितक्या वेळा हिंदकळतं ती, साधारण १६ हर्ट्झ. फॅनची वारंवारता याहून जितकी वर, तितकी थरथर कमी उतरते; जवळ किंवा खाली असेल तर उलट वाढते. फॅन १४४० आरपीएमचा (मिनिटाला १४४० फेरे), म्हणजे २४ हर्ट्झचा असेल तर जमिनीवरचा जोर जेमतेम पाचव्या हिश्शाने घटतो. ७२० आरपीएमचा, म्हणजे १२ हर्ट्झचा असेल तर तोच जोर दुपटीहून वाढतो! २५ मिमी दबणाऱ्या स्प्रिंगवर नैसर्गिक वारंवारता ३ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणून अशा कमी वेगाच्या फॅनला स्प्रिंग लागते.

आणि बोल्ट? पॅडमधून जाणारा बोल्ट करकचून आवळला की पॅड चेपतो, थरथर बोल्टवाटेच खाली जाते. रबर असून नसल्यासारखं. हवेच्या नळीला (डक्टला) कॅनव्हासचा लवचीक जोड नसेल तर तीच कथा, थरथर डक्टवाटे जाते.

मूळ दोष बहुतेक वेळा इंपेलरवर, म्हणजे फॅनच्या फिरत्या पात्यांच्या चाकावर असतो. मेन स्विचला कुलूप घाला, झाकण उघडा, पात्यांच्या मागे बोट फिरवा. एकाच बाजूला चिकटलेला धुळीचा थर तोल घालवायला पुरतो. तो खरवडूनही फरक पडला नाही, तर एकेक फाउंडेशन बोल्ट सैल करून बघा. यंत्राचा पाय उचलला गेला तर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजून तेवढाच शिम, म्हणजे पातळ पत्रा घाला. बॅलन्सिंगवाल्याला बोलवायचं ते त्यानंतर.