धूर मोजा, हौस कशाला मोडता?

पुणे घ्या, कोल्हापूर घ्या, नागपूर घ्या, दर काही महिन्यांनी बातम्यांत तेच दृश्य दिसतं. बुलेटचे काढून घेतलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडायचे आणि त्यांच्यावरून रोड रोलर फिरवायचा. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर असा व्हिडिओ आला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बरं झालं, रात्री-अपरात्री इंदोरी, म्हणजे मोठ्या आवाजाच्या, सायलेन्सरचे फटाके फोडणाऱ्यांना हीच भाषा कळते. दुसरा म्हणतो, डंपर आणि टँकर काळा धूर ओकत जातात त्यांना कोणी हात लावत नाही, पोरांच्या हौसेवर मात्र रोलर. दोघं दमले की कोणीतरी मला ओढतं: "तुमच्याकडे कॅलिफोर्नियात काय करतात रे?"

याचं उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. माझ्याकडे १९९० सालची फोर्ड मस्टँग आहे, पाच लिटरची व्ही-८, आणि ती मॉडिफाइड आहे. ती मी रीतसर पास करून घेतली आहे. त्यासाठी काय करावं लागलं हे सांगितलं तर आपल्याकडचा वाद कुठे अडकलाय ते दाखवणं सोपं जाईल.

गाडी मी ॲरिझोनातून आणली. तिथे धुराची तपासणी फक्त फिनिक्स आणि टूसॉनच्या परिसरात होते; बाकी राज्यात कोणी विचारत नाही. आधीच्या मालकानं गाडी शर्यतीच्या हिशेबानं बांधली होती. धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर कापून सरळ पाइप जोडलेला, हवेचा पंप काढून टाकलेला, व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कॅमशाफ्ट बदललेला, इंजिनातून धूर बाहेर नेणारे हेडर कंपनीचे काढून दुसरेच लावलेले. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली तरी घरात कळावं. पण लॉस एंजेलिसच्या आसपास अशी गाडी नोंदवायची तर स्मॉग चेक, म्हणजे राज्याची धूर-तपासणी, चुकत नाही. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना इथे सूट आहे. १९७६ पासून पुढच्यांना नाही. नव्या गाड्यांना पहिली काही वर्षं सवलत मिळते, मग दर दोन वर्षांनी तपासणी.

तपासणी होते खासगी गॅरेजमध्ये, पण तंत्रज्ञाला राज्याचा परवाना लागतो आणि आकडे यंत्रातून थेट राज्याच्या संगणकात जातात. १९९९ पर्यंतच्या गाड्यांची इंजिन फिरवतं ती चाकं (माझ्या गाडीची मागची) जमिनीतल्या रोलरवर चढवतात, गाडी पट्ट्यांनी बांधतात, समोर मोठा पंखा लावतात आणि एक्झॉस्टमध्ये नळी घालतात. माझ्या गाडीला दोन पाइप, म्हणून दोन नळ्या. मग ताशी १५ मैलांना आणि ताशी २५ मैलांना, इंजिनावर ओझं देऊन, तीन वायू मोजतात: हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड. हे ओझं फार महत्त्वाचं. उभ्या गाडीचं इंजिन नुसतं सुरू ठेवलं तर नायट्रिक ऑक्साइड जेमतेम निघतो. तो निघतो इंजिन तापून काम करायला लागल्यावर.

याशिवाय बॉनेट उघडून बघणं असतं, आणि मॉडिफाइड गाड्या बहुतेक तिथेच अडतात. बॉनेटखाली कंपनीनं चिकटवलेला एक कागद असतो. त्यावर व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशा असतो, कुठली उपकरणं बसवली आहेत ते असतं, इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, असतं. तंत्रज्ञ तो कागद वाचत एकेक वस्तू शोधतो. माझ्या गाडीचं टायमिंग १० अंशांवर हवं. जास्त ताकदीसाठी लोक ते १४ वर नेऊन ठेवतात. तो टायमिंग लाइट धरून तेही पकडतो. टायमिंग पुढे नेलं की ज्वलन जास्त गरम होतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात.

आता मुद्द्याचा भाग. बदललेला सुटा भाग दिसला म्हणजे गाडी नापास, असं इथे नाही. बदललेल्या भागावर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक आहे का, हे बघतात. हेडर, एअर इनटेक, कॅमशाफ्ट, सुपरचार्जरसुद्धा, कुठल्याही भागाच्या उत्पादकानं चाचण्या देऊन तो भाग लावल्यावर गाडीचा धूर मर्यादेबाहेर जात नाही हे सिद्ध केलं, की मंडळ त्याला आदेश क्रमांक देतं. तो क्रमांक भागावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. तंत्रज्ञ तो नोंदवतो आणि पुढच्या वस्तूकडे वळतो. इंजिनच बदललं असेल तर राज्यानं नेमलेल्या रेफरीकडे जायचं. आत बसवलेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्या इंजिनाबरोबरची सगळी प्रदूषण-उपकरणं बसवलेली हवीत. रेफरीचं समाधान झालं की तो गाडीवर लेबल चिकटवतो, आणि तिथून पुढे कुठल्याही केंद्रावर ती गाडी त्या लेबलनुसार तपासली जाते.

मी हेडर ठेवले, पण मंजुरी क्रमांकवाले. कॅमशाफ्ट बदलून सौम्य बसवला. आक्रमक कॅममध्ये आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, कमी वेगात न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर जातं. लोकांना आवडणारा तो अडखळता, घोगरा आवाज नेमका त्यातूनच येतो. हवेचा पंप भंगारातल्या गाडीवरून काढून आणला. तो पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलतो, त्यामुळे कन्व्हर्टरमध्ये उरलंसुरलं इंधन जळून जातं. एवढं करूनही २५ मैलांच्या चाचणीत नायट्रिक ऑक्साइड जास्त आला. अहवालात प्रत्येक वायूसमोर तीन आकडे असतात: कमाल मर्यादा, पास होणाऱ्या तशाच गाड्यांची सरासरी आणि आपला आकडा. बाकी सगळं सरासरीच्या जवळ आणि हा एकच वर, म्हटल्यावर संशय कुठे घ्यायचा ते कागदच सांगत होता. धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडून ज्वलन थंड ठेवणारी जी वाट असते, ती काजळीनं बुजली होती. वरचा इनटेक काढून ती साफ केली आणि गाडी पास झाली. ताकद कमी झाल्याचं मला चालवताना जाणवत नाही.

हे मी ग्रुपवर सांगितलं तेव्हा एका मित्रानं लिहिलं, "अमेरिकेत बसून सांगणं सोपं आहे." त्याचं म्हणणं मी टाकून देत नाही. पण कॅलिफोर्नियाला हे शहाणपण सुखासुखी सुचलेलं नाही. १९४३ च्या जुलैत लॉस एंजेलिसवर असा झोंबरा धुरकट पडदा पसरला की लोकांना जपाननं विषारी वायू सोडल्याची शंका आली. पुढे कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं की मोटारींचं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. मोटार कंपन्यांनी त्यांना सहजासहजी मानलं नाही. हवा मंडळ १९६७ मध्ये स्थापन झालं, स्मॉग चेक १९८४ मध्ये सुरू झाला. म्हणजे त्या पहिल्या पडद्यापासून तपासणी दारात यायला चाळीसेक वर्षं गेली. आपल्याला तेवढी वर्षं घालवायची गरज नाही, कारण रसायनशास्त्र नव्यानं शोधायचं नाही.

आता आपल्याकडे बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. त्याच साली झालेल्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. कायदा असा कडक. आणि धूर मोजण्याचं काय? पेट्रोल पंपाशेजारच्या व्हॅनमधला पीयूसीवाला उभ्या गाडीच्या पाइपात नळी घालतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतो, प्रमाणपत्र छापतो. नायट्रोजनचे ऑक्साइड नाहीत. ओझं नाही. बॉनेट उघडणं नाही. डिझेलला धुराचा काळेपणा बघतात, बारीक कण मोजत नाहीत. तेही प्रामाणिकपणे होतंच असं नाही: दिल्लीबाबतच्या कॅगच्या अहवालात एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या तपासल्याच्या नोंदी सापडल्या. वैध पीयूसी नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत आणि आता महाराष्ट्रात "पीयूसी नाही तर इंधन नाही" अशी घोषणा. तपासणी तीच ठेवून तिच्याभोवतीची सक्ती वाढवली तर प्रमाणपत्रं वाढतील, हवेत फरक पडणार नाही.

कन्व्हर्टर कापून सरळ पाइप टाकलेली गाडी आणि चाचण्यांतून गेलेलं, नीट बांधलेलं एक्झॉस्ट लावलेली गाडी, आपला कायदा दोघींना एकाच मापानं मोजतो. दोघीही गुन्हेगार. मग गॅरेजवाला नीट माल कशाला आणेल? जे काही व्हायचं ते लपूनछपून होतं, आणि रोलर फिरवताना त्यातलं कुठलं खरंच घाण होतं हे कोणीच तपासत नाही. आवाजाचा त्रास खरा आहे. आजारी माणसाच्या खिडकीखालून तसली बुलेट गेली की काय होतं ते मी माझ्या वडिलांच्या आजारपणात पाहिलं आहे. पण आवाजही मोजता येतो. मीटर लावा, मर्यादेबाहेर असेल तर सायलेन्सर जप्त करा, हवा तर त्याचा चुरा करा. माझी तक्रार न मोजता शिक्षा देण्याबद्दल आहे.

आणि मंजुरी क्रमांकाची पद्धत आपल्याला परकी आहे असं कोणी म्हणू नये. सीएनजी किट हे इंजिनात केलेला बदलच आहे, आणि तो आपण कधीच स्वीकारलाय. किटचा उत्पादक एआरएआय या पुण्यातल्या वाहन-चाचणी संस्थेसारख्या संस्थेकडून चाचण्या करून मंजुरी घेतो, आरटीओ नोंदणीपत्रावर नोंद करतं, आणि अशा कित्येक गाड्या पुण्यात बिनबोभाट फिरतात. विजेवर चालवण्याच्या किटलाही तोच मार्ग आहे. मग सायलेन्सर, एअर फिल्टर, ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) ट्यूनिंग यांना का नको? एआरएआय वेताळ टेकडीवर बसली आहे, तिला चाचण्या शिकवाव्या लागणार नाहीत. २०१५ मध्ये फोक्सवॅगनची चाचणीपुरता धूर कमी दाखवण्याची लबाडी अमेरिकेत उघड झाली तेव्हा एआरएआयनंच कंपनीच्या भारतातल्या डिझेल गाड्या रस्त्यावर चालवून तपासल्या आणि काही गाड्या मर्यादेच्या अडीचपट नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतात हे सांगितलं. त्यानंतर कंपनीला भारतात ३ लाखांहून अधिक गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करावा लागला. ज्या संस्थेत हे कसब आहे तिच्याकडून सायलेन्सरच्या मंजुरीची यादी मागणं ही फार मोठी मागणी नाही.

कॅलिफोर्नियाची नक्कल मात्र जशीच्या तशी चालणार नाही. इथे मोटारसायकलींची स्मॉग चेक होतच नाही. महाराष्ट्रात रस्त्यावर दुचाकीच जास्त, तेव्हा त्यांना वगळणारी कुठलीही योजना आपल्याला निरुपयोगी. पैशांचं दुखणंही आहे. इथे चालणारे मंजूर कन्व्हर्टर इतर राज्यांत मिळणाऱ्यांपेक्षा बरेच महाग, आणि जुनी गाडी हौसेनं नव्हे तर नाइलाजानं वापरणाऱ्या माळ्याला, सफाई कामगाराला तो खर्च एका महिन्यात कोसळवू शकतो. राज्य कमी उत्पन्नाच्या मालकांना दुरुस्तीसाठी मदत देतं, जुनी गाडी मोडीत काढायलाही पैसे देतं. आपल्याकडे रिक्षावाल्याला आणि टेम्पोवाल्याला अशी मदत न देता नुसती कडक चाचणी आणली तर ती एजंटांचं पोट भरेल, दुसरं काही नाही.

वयाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. दिल्लीत दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल बाद, असा नियम वर्षानुवर्षं होता. २०२५ च्या जुलैत अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा फतवा निघाला, काही दिवसांत थांबवावा लागला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सक्तीची कारवाई रोखली. नीट राखलेली सोळा वर्षांची गाडी भंगारात आणि हेळसांड झालेली सहा वर्षांची रस्त्यावर, हा न्याय मला कधीच पटला नाही. नेमक्या त्याच वर्षी कॅलिफोर्नियात उलट्या टोकाचं विधेयक आलं. अमेरिकी टीव्हीवरचे प्रसिद्ध सूत्रसंचालक जे लेनो (Jay Leno) यांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला, म्हणून सगळे त्याला लेनोचा कायदा म्हणत. ३५ वर्षांवरच्या संग्राह्य गाड्यांना स्मॉग चेकमधून सूट मिळावी, अशी मागणी. ऑगस्टमध्ये ते विधिमंडळाच्या समितीत अडकून पडलं.

माझी गाडी १९९० ची, म्हणजे त्या सवलतीच्या हिशेबात बसायला आलेली. मस्टँगवाल्या मित्रांची माझ्याकडून पाठिंब्याची अपेक्षा होती. मी दिला नाही. दिल्लीनं गाडीचं वय बघून ती बाद करायची आणि कॅलिफोर्नियानं वय बघून सोडून द्यायची, दोन्हीत धूर मोजणं टळतं. लेनोंच्या बाजूची एक तक्रार मात्र खरी आहे. रोलरची यंत्रं ठेवणारी गॅरेज कमी होत चालली आहेत, कारण २००० पासूनच्या गाड्या नुसती केबल जोडून तपासता येतात, आणि जुन्या गाडीच्या मालकाला चाचणी द्यायची असूनही केंद्र सापडत नाही. यावर उपाय सरळ आहे: राज्यानं रेफरी केंद्रांत ती यंत्रं स्वतःच्या खर्चानं चालू ठेवावीत. विधेयक पुन्हा आलं तर मी माझ्या आमदाराला एवढंच लिहिणार आहे.