नव्या खासदारसाहेबांना चार शब्द

साहेब, कानामागचा गुलाल निघाला असेल तर थोडं कामाचं बोलू.

पहिलं काम शपथेचं. ती मराठीतच घ्या. जून २०२४ मध्ये शपथेच्या शेपटाला इतक्या घोषणा बांधल्या गेल्या की पुढच्याच महिन्यात लोकसभा अध्यक्षांना शपथेबाबतचा निर्देश सुधारावा लागला. आता मजकुराच्या मागेपुढे काही जोडता येत नाही. तेव्हा घोषणा बाहेर पायऱ्यांवर द्या. फोटोग्राफर तिथेच असतो.

अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न दिवसाला २०च, तेही सोडतीने. लागला तर बोंब! उभं राहून पुरवणी प्रश्न विचारायचा, म्हणजे आधी मंत्र्यांचं उत्तर वाचायचं. त्यापेक्षा अतारांकित बरा. दिवसाला २३० असतात, उत्तर लेखी येतं आणि आपला आकडा वाढतो. प्रगतिपुस्तकात आकडाच छापतात. प्रश्न पीए लिहील, पण सही करण्याआधी एकदा नजर टाका. गडचिरोलीच्या खासदाराने मच्छीमार बंदराची चौकशी करणं बरं दिसत नाही. आणि प्रश्नासाठी पैसे घेऊ नका हो. २००५ मध्ये अकरा जणांची खासदारकी त्यापायी गेली.

खरा मुहूर्त बाराचा, तातडीचे विषय मांडायच्या शून्य प्रहराचा. ‘अध्यक्ष महोदय, मैं आपके माध्यम से’ म्हणेपर्यंतच निम्मा वेळ संपतो, म्हणून हातवारे आधीपासून सुरू ठेवा. मागची बाकं रिकामी दिसू नयेत यासाठी दोन-तीन सहकारी चहाच्या बोलीवर शेजारी बसवून घ्या. माइक बंद झाला तरी बोलत राहा. गावाकडे क्लिपखाली ‘वाघ’ लिहून येतं, आवाज कोण ऐकतो? कांद्याचा विषय असेल तर गळ्यात माळ हवीच. कांदा दिल्लीच्या मंडईतला चालेल.

संसदेच्या स्थायी समितीपासून मात्र जपून. ३१ जणांची ती समिती बंद दाराआड बसते. खात्याचे सचिव समोर बसतात, खात्याच्या पैशाच्या मागण्यांचा हिशेब कलमागणिक उलगडतो आणि नेमकं विचारलं तर उत्तरही द्यावं लागतं. पण कॅमेरा नाही! असल्या ठिकाणी दोन तास घालवून मतदारांना काय दाखवणार, टिपणवही?

खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं, जरूर मांडा. असं विधेयक शेवटचं मंजूर झालं १९७० साली, त्यामुळे जबाबदारी काही येत नाही. चर्चा शुक्रवारी दुपारी असते. तोवर तुम्ही विमानतळावर पोचलेले असाल. बातमी काय, मांडल्याच्या दिवशीच छापून येते. सरकारी विधेयकांचं वाचन तर मनावरच घेऊ नका. पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, आला की कुठलं बटण दाबायचं ते कळतं.

अधिवेशन संपवून गावी आलात की कुणी म्हातारा हमखास विचारील, ‘साहेब, आमच्या आळीतल्या गटाराचं काय?’ तेवढं मात्र करून टाका. वर्षाला पाच कोटींचा खासदारनिधी आहे. पाटीवरचं नाव गटारापेक्षा लांब झालं तरी चालेल.